हीट पंप बंद पडल्यावर घाई कशाची करावी?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

थंडी वाढली की निफाडचा पारा किती उतरला याची बातमी आपल्या दैनिकात ठळकपणे येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील आकडा वाचून द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि शहरातील आम्ही मंडळी न्हाणीघरातील नळाखाली हात धरून पाणी कधी तापते याची वाट पाहतो. याच दिवसांत आमच्यासारख्या अनेक गृहनिर्माण संस्थांत एक धावपळ हमखास होते, ती गच्चीवरील हीट पंप बंद पडल्याची. एका मध्यम आकाराच्या संस्थेचा सचिव म्हणून काही वर्षे मी ती अनुभवली आहे. त्या अनुभवावरून माझे असे मत झाले आहे की यंत्र बंद पडल्याने जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान ते बंद पडल्यानंतरच्या पहिल्या तासात आपण जी घाई करतो तिने होते. त्यासाठी हे पत्र.

उंच इमारतीत गच्चीची जागा अपुरी पडते, सर्व सदनिकांना पुरतील इतकी सौर तावदाने तेथे बसत नाहीत आणि ढगाळ दिवसांत ती निरुपयोगी ठरतात, म्हणून जोडीला हीट पंप येतो. बंगल्यांतही आता तो दिसू लागला आहे. घरचा फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप तेच काम उलट्या दिशेने करतो आणि बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून टाकीतील पाण्याला देतो. तो उष्णता निर्माण करत नाही, वाहून आणतो, म्हणूनच 1 युनिट विजेत साधारण 3 युनिटांइतकी उष्णता पाण्याला मिळते. मात्र हवा जितकी गार, तितकी त्याची ही मिळकत घटते.

पहिला गोंधळ येथेच होतो. टाकीत येणारे पाणी एरवी 25 अंशांचे असेल तर 55 अंशांपर्यंत नेण्यासाठी ते 30 अंशांनी तापवावे लागते. जानेवारीत तेच पाणी 16 अंशांचे आले तर 39 अंशांनी. 300 लिटरच्या टाकीला एरवी सुमारे साडेदहा युनिटांची उष्णता लागत असेल, तर आता साडेतेरा युनिटांहून थोडी अधिक लागते, आणि यंत्राची क्षमता मात्र नेमकी त्याच पहाटे कमी झालेली असते. त्यामुळे सहा वाजता कोमट पाणी आले म्हणजे यंत्र बिघडले, असा निष्कर्ष काढून मेकॅनिकला झोपेतून उठवण्याचे कारण नाही. यंत्र रात्री दोन तास आधी सुरू होईल अशी टायमरची वेळ लावली, तरी पुष्कळ तक्रारी मिटतात. त्याचप्रमाणे महापालिका दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद ठेवते त्या दिवशी वरची टाकी रिकामी झाली, तर पाण्याचा प्रवाह नसल्याचे ओळखून यंत्र स्वतःहून थांबते आणि पडद्यावर सांकेतिक क्रमांक दाखवते. तो बिघाड नसून यंत्राने स्वतःचा केलेला बचाव आहे.

बर्फाचेही तसेच. बाहेरची हवा 6-7 अंशांची असली तरी हीट पंपाच्या बाहेरच्या युनिटमधील नळ्या शून्याच्या खाली जातात आणि हवेतील बाष्प त्यांवर गोठते. यंत्र मधूनमधून आपला प्रवाह उलटा फिरवून हा थर वितळवते. त्या पाच-दहा मिनिटांत पंखा थांबतो, खालून पाणी गळते आणि युनिटमधून पांढऱ्या वाफेचे लोट निघतात. एकदा समोरच्या इमारतीतील एका आजोबांनी ते पाहून आग लागल्याचा पुकारा केला होता आणि त्यांना मी हसलो नाही, कारण पहिल्या वर्षी मीही घाबरलो होतो. वाफेला वास नसतो आणि ती लगेच विरते; धुराला जळक्या रबराचा किंवा वार्निशचा वास असतो, हा फरक पहारेकऱ्यालाही सांगून ठेवावा. दोन-तीन तासांनीही न वितळणारा, पंख्याच्या पात्यांपर्यंत पोहोचलेला जाड बर्फ मात्र दुरुस्तीची खूण आहे. अशा वेळी यंत्र बंद करून बर्फ आपोआप वितळू द्यावा. स्क्रू ड्रायव्हरने तो फोडायला गेल्यास पातळ नळी फुटते आणि शेकड्यांतील खर्च हजारांत जातो.

आता खऱ्या धोक्यांविषयी. गेल्या संक्रांतीनंतरच्या सकाळी आमच्या यंत्राचा एमसीबी, म्हणजे विजेचा भार प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप तुटणारा स्विच, पडला. पहारेकऱ्याने तो उचलला, पुन्हा पडला. त्याने पुन्हा उचलला, आणि रहिवाशांचे फोन सतत येत असल्यामुळे असे चार वेळा केले. शेवटी जळका वास आला तेव्हा तो खाली धावत आला. गच्चीवर जाऊन मुख्य स्विच बंद करून पाहिले, तर पतंगाचा नायलॉन मांजा पंख्याच्या आसाला गुंडाळून मोटर अडकली होती, तिचे वाइंडिंग जळाले होते आणि वारंवार स्विच उचलल्यामुळे पॅनेलमधील जोडणीही काळी पडली होती. मांजावर बंदी आहे, तो आमच्या गच्चीवर कोठून आला हा वेगळ्या पत्राचा विषय. पण पहिल्यांदा एमसीबी पडल्यावर थांबलो असतो, तर केवळ मोटर बदलून भागले असते. एमसीबी एकदा उचलून पाहायला हरकत नाही. दुसऱ्यांदा पडला की हात आवरावा. आरसीसीबी पडला असेल, तर मात्र एकदाही उचलू नये, कारण तो वीज कोठेतरी धातूत किंवा पाण्यात झिरपत असल्याची सूचना देतो, आणि 30 मिलिअँपिअरवर तुटणारे हे उपकरण माणसाला वाचवण्यासाठीच बसवलेले असते. नळाला किंवा टाकीच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर यंत्राचा पुरवठा मुख्य ठिकाणाहून तोडावा, सर्व घरांना नळाला हात न लावण्याचा निरोप पाठवावा आणि अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. पुरवठा तोडल्यानंतरही युनिटमधील कपॅसिटरमध्ये काही काळ वीज शिल्लक राहते, म्हणून झाकण उघडण्याचा उत्साह घरच्या हुशार मंडळींनी दाखवू नये.

विजेच्या खालोखाल भीती टाकीची. टाकीवरील सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब-दोन थेंब गळणे स्वाभाविक आहे, कारण पाणी तापले की फुगते. त्या गळतीला कंटाळून तिला बूच मारल्याचे मी एका ओळखीच्या घरी स्वतः पाहिले आहे. ज्याने ते मारले, त्याला आपण काय केले याची कल्पनाही नव्हती. थर्मोस्टॅट अडकला आणि आतील विजेचे एलिमेंट तापतच राहिले, तर दाब बाहेर जायला तीच एकमेव वाट असते. त्या व्हॉल्व्हमधून धार किंवा वाफ येऊ लागली की पुरवठा तोडून लांब राहावे आणि टाकी निवेपर्यंत कोणताही नळ उघडू नये. 60 अंशांचे पाणी मोठ्या माणसालाही काही सेकंदांत भाजते, लहान मुलाला त्याहून लवकर.

हीट पंपाच्या नळ्यांत फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या वायूची गळती क्वचित होते, तरी ओळखून ठेवावी. फुसफुस आवाज येणे, तांब्याच्या जोडावर तेलकट डाग पडणे आणि यंत्र चालू असूनही पाणी न तापणे ही तिची लक्षणे आहेत. आपल्या यंत्रात कोणता वायू आहे, हे युनिटच्या पाटीवर छापलेले असते. आर-134ए आणि आर-410ए पेट घेत नाहीत, आर-32 सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-290 म्हणजे प्रोपेन, जो सहज पेट घेतो आणि ज्याला स्वयंपाकाच्या गॅससारखा वास असेलच असे नाही. यंत्र बंद खोलीत बसवले असेल आणि पाटीवर आर-290 असेल, तर गळतीची शंका येताच स्विचला हात न लावता दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि 101 वर फोन करावा.

याच संदर्भात एका फसवणुकीविषयी लिहिणे भाग आहे. "गॅस संपला आहे, भरावा लागेल," असे सांगणारा मेकॅनिक घाईच्या सकाळी हमखास भेटतो आणि आम्हीही त्याला दोन वर्षे लागोपाठ पैसे मोजले. हीट पंपातील वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी छिद्र आहे. ते शोधून, जोडून, नायट्रोजनच्या दाबाने तपासून, व्हॅक्यूम करून आणि पाटीवरील वजनाप्रमाणे काट्यावर मोजून वायू भरला, तरच त्याला दुरुस्ती म्हणता येते. आमच्या यंत्रात अखेर दोष वायूचा नव्हताच. बोअरच्या पाण्यातील क्षार उष्णता देणाऱ्या भागात साचले होते आणि गाळणी तुंबली होती. टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यावर भिस्त असलेल्या वसाहतींनी हा खर्च वर्षाच्या हिशेबात धरलेला बरा. तीन फेजच्या यंत्रांना आणखी एक दुखणे असते: पुरवठ्यातील एखादी फेज गेली, तर मोटर गुरगुरत तापते, आणि केबलच्या दुरुस्तीनंतर फेज उलट जोडल्या गेल्या, तर काही कॉम्प्रेसर उलटे फिरून खडखडाट करतात. असा आवाज आल्यास आधी यंत्र बंद करावे आणि वीज कंपनीच्या 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मेकॅनिकचे काम त्यानंतर.

सर्वांत मोठा धोका मात्र गच्चीवर नसतो, तो खाली न्हाणीघरात येतो. मोटर जळाली त्या दिवशी आमच्या इमारतीत कोणी पाणी तापवायचा रॉड बादलीत सोडला, कोणी माळ्यावरचा जुना गॅस गीझर पुन्हा लावला. एका घरातील मुलगी खिडकी बंद असलेल्या न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. कडी लावलेली नव्हती, म्हणून आईला वेळेत आत जाता आले. कोंडलेल्या जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि डोके दुखू लागले तरी माणसाला त्याचे कारण कळत नाही; पुढे तो उठून बाहेर जाण्याइतकाही सावध राहत नाही. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवल्यासही हेच होते. आपल्या आज्यांचा तांब्याचा बंब परसात किंवा अंगणात पेटायचा, याला कारण होते. असा प्रसंग आल्यास माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि 108 वर फोन करावा. रॉडच्या बाबतीत एकच नियम पाळावा: प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालून पाहू नये. खरे तर दोन-चार पातेली पाणी स्वयंपाकघरातील शेगडीवर तापवून, खिडकी उघडी ठेवून, न्हाणीघरात विसणापुरते नेले तर आंघोळ होते. ती फार थाटाची होत नाही, इतकेच.

निकड यंत्रावर नाही, घरावर ठरते, हेही समजून घ्यायला हवे. घरात बाळंतीण, तान्हे बाळ, अंथरुणाला खिळलेले रुग्ण किंवा अतिवृद्ध माणूस असेल, तर यंत्रात धोका नसला तरी त्या घराला दुपारपर्यंत थांबवता येत नाही. उरलेल्यांना एक दिवस थांबता येते. आम्ही आता अशा सदनिकांची यादी ठेवतो, सौर टाकीत जे पाणी शिल्लक असेल ते प्रथम त्यांना सोडतो आणि मेकॅनिकला फोन करताना "पाणी येत नाही" एवढेच न सांगता पडद्यावरील सांकेतिक क्रमांक, कोणता स्विच पडला, आवाज कसा होता आणि बर्फ आहे की नाही, हे सांगतो. त्यामुळे तो योग्य सामान घेऊन येतो आणि दुसरी फेरी वाचते. यंत्र काही दिवस बंद राहिले असेल, तर सुरू केल्यावर पाणी एकदा 60 अंशांपर्यंत नेऊन मगच वापरतो, कारण कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढतात.

इमारत ताब्यात देताना बांधकाम व्यावसायिक लिफ्टची कागदपत्रे देतात, पण हीट पंपाचा पुरवठा नेमका कोठून तोडायचा हे सांगणारा साधा नकाशाही देत नाहीत. तो मागून घेण्याचा आग्रह संस्थांनी धरावा. वार्षिक देखभालीच्या करारात किती तासांत माणूस येईल हे लिहून घ्यावे, आणि आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग शिकलेला तंत्रज्ञ येणार की नळजोडणी करणारा माणूस, हेही विचारावे. थंडी सुरू होण्यापूर्वी आपल्या दैनिकाने अशा सूचनांसाठी एखादा रकाना दिला, तर आमच्यासारख्या अनेक सचिवांच्या पहाटेच्या झोपेचा प्रश्न सुटेल.

आमच्या पॅनेलच्या दारावर आता मोठ्या अक्षरांतील एक कागद चिकटवला आहे. त्यावर मुख्य स्विच कोणता, कोणता स्विच उचलायचा नाही आणि कोणाला फोन करायचा, एवढेच लिहिले आहे. संक्रांतीच्या आठवड्यात रोज संध्याकाळी यंत्र बंद करून पंख्यात मांजा अडकला आहे का हे पाहायचे, ही ओळ पहारेकऱ्याने त्याखाली स्वतःच्या हाताने वाढवली आहे.

आपला नम्र,
एका गृहनिर्माण संस्थेचा माजी सचिव,
इंदिरानगर, नाशिक