मित्रास पत्र: डिकीचा दुसरा खटका

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल संध्याकाळी वाचलं आणि आज सकाळी बाकीची कामं बाजूला ठेवून लिहायला बसलोय. बटण दाबलं की डिकी आपोआप खाली येते, टेकते, घुर्र आवाज करते आणि पीं-पीं करत पुन्हा वर जाते, हे वाचताना माझ्यासमोर माझीच गाडी उभी राहिली. वहिनी दोन्ही हातांनी दाबून धरतात तेव्हा कुठे ती लागते असं तू लिहिलंयस. आणि गेल्या आठवड्यात तर तू डिकी दोरीने बांधून गाडी घरी आणलीस. त्या दोरीबद्दल आधी बोलतो, बाकीचं नंतर.

अरे, पुन्हा असं करू नकोस. मागचं दार उघडं ठेवून गाडी धावली की गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर उलटा आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास. मागच्या सीटवर तुझी पोरं असतात. कधी नाइलाज झालाच तर हवा बाहेरून आत घेणारं बटण लाव, पंखा पूर्ण वेगात ठेव आणि जवळात जवळ जिथे दुरुस्ती होईल तिथपर्यंतच जा.

अर्धवट लागलेल्या डिकीवरही विसंबू नकोस. ‘लागली तर आहे, उघडत तर नाही’ असं आपल्याला वाटतं, पण लॅचला, म्हणजे डिकी कडीत अडकवून धरणाऱ्या कुलपाला, दोन टप्पे असतात आणि दोन्हींची ताकद सारखी नसते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २००४ साली मोटारींसाठी पहिला जागतिक तांत्रिक नियम झाला, तो दरवाज्यांच्या लॅचबद्दलचाच. पूर्ण लागलेल्या लॅचने ११,००० न्यूटनची ओढ सोसली पाहिजे असं त्यात आहे. पहिल्या टप्प्यावर अडकलेल्या लॅचसाठी हाच आकडा ४,५०० आहे, म्हणजे निम्म्याहूनही कमी. पहिला टप्पा डिकी धाडकन उघडू नये म्हणून असतो, प्रवासासाठी नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. गॅरेजवाल्याने तुला अख्खं लॅच बदलायला सांगितलंय. जरा थांब. गेल्या वर्षी मलाही हेच सांगितलं होतं आणि मी बदललंही. नवंकोरं लॅच बसलं, आठ दिवस डिकी छान लागली आणि नवव्या दिवशी पुन्हा पीं-पीं करत वर गेली. दोष लॅचमध्ये नव्हताच. जुनं लॅच मात्र मी घरी आणलं होतं. ते टेबलावर ठेवून शांतपणे उघडलं, तेव्हा हे सगळं चालतं कसं ते मला नीट कळलं.

आत एक वाकड्या नखासारखी फिरती चकती असते. बॉडीवरची लोखंडी कडी तिच्या तोंडात शिरली की चकती फिरते आणि शेजारचा छोटा अडसर तिच्या पहिल्या दातात पडतो. हा पहिला खटका. इथपर्यंतचं काम डिकीचं वजन आणि दोन्ही बाजूंचे पॉवर शॉकर, म्हणजे डिकी वर-खाली करणारे मोटरवाले दांडे, करतात. पुढचे थोडे मिलिमीटर रबर दाबत ओढायचे असतात, ते काम लॅचमधली छोटी मोटर करते. तू ऐकतोस तो घुर्र आवाज तिचाच. चकती पूर्ण फिरली की अडसर दुसऱ्या दातात बसतो, तो दुसरा खटका. (काही गाड्यांत हे उलटं असतं: लॅच जागेवर राहतं आणि खालची कडीच मोटरने आत ओढली जाते.) कुठला खटका झाला याची खबर आतले बारके स्विच कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे डिकी चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, देतात. दुसऱ्या खटक्याची खबर वेळेत पोचली नाही, तर मध्ये काहीतरी अडकलंय, कदाचित कुणाचा हात असेल, असं मॉड्यूल धरून चालतं आणि डिकी सोडून देतं. तुझी डिकी वर जाते ती या खबरदारीमुळे.

म्हणून माझं तुला एवढंच सांगणं आहे: कुठलाही भाग बदलण्याआधी दहा वेळा डिकी लावून बघ, आणि डोळ्यांपेक्षा कानांनी बघ. नेमकी कुठल्या खटक्यावर अडते ते शोध. टेकण्याआधीच अर्ध्यातून परत फिरत असेल तर लॅचला हातही लावू नकोस. तिथे शॉकर, किंवा दाराच्या कडेला असलेली, बोट अडकलं तर ओळखणारी पट्टी तपासायची. टेकली, एक खटका वाजला आणि पुढे सगळं शांत, तर मोटरला वीज मिळत नाही किंवा पहिल्या खटक्याची खबरच जात नाही. आणि तुझ्यासारखं, मोटर वाजते, धडपडते आणि मग डिकी सुटते, तेव्हा दोनच शक्यता राहतात. एक तर मोटरला ओढवत नाही, नाहीतर ती पूर्ण ओढते आहे पण ते मॉड्यूलला कळत नाही.

त्याआधी बॅटरी. तू पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलास की महिन्यात दोनदा गाडी सुरू झाली नाही. मला ते वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. डिकी पूर्ण लागली नाही की आतला दिवा जळत राहतो, गाडीतली मॉड्यूल झोपत नाहीत आणि रात्रभर बॅटरी उतरत राहते. मग बॅटरी कमजोर झाली की लॅचच्या मोटरला जोर पुरत नाही आणि डिकी आणखीच लागेनाशी होते. हे दुष्टचक्र आधी तोड. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मीटर लावून बघ. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. मीटर लावलेला असतानाच कुणाला तरी डिकी लावायला सांग आणि आकडा किती खाली बसतो ते बघ. बॅटरी चार्ज केल्याशिवाय पुढची कुठलीही तपासणी करू नकोस, उगाच चुकीचं उत्तर मिळेल.

मग स्क्रू-ड्रायव्हरची परीक्षा. ही मला सगळ्यात उपयोगी पडली. डिकी वर उघडी ठेव. जाड दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घे आणि त्याचा दांडा आडवा धरून, कडी शिरते तसा लॅचच्या तोंडात दाब. बोट चुकूनही आत घालायचं नाही, त्या चिमुकल्या मोटरची ओढ जबरदस्त असते. एक टक् झालं की मोटर घुर्र करून दांडा आत ओढेल आणि दुसरं टक् होईल. काही गाड्यांत डिकी वर असताना मोटर चालतच नाही. तिथे दांडा हातानेच आणखी दाबायचा आणि दोन्ही खटके मोजायचे. लॅच मोकळं असताना मोटर सहज दुसऱ्या खटक्यापर्यंत गेली, तर लॅच धडधाकट आहे. आता एक गोष्ट विसरू नकोस. परीक्षा झाली की उघडायचं बटण दाबून लॅच परत सोडव, आणि तोंड उघडं दिसल्यावरच डिकी खाली आण. बंद लॅच कडीवर आपटलं तर धडधाकट लॅचचंही वाटोळं होईल.

लॅच ठीक आणि तरी डिकी लागत नाही, म्हणजे मध्ये काहीतरी विरोध करतंय. सगळ्या काचा खाली करून डिकी लाव. तेव्हा लागली आणि काचा बंद असताना लागली नाही, तर कोंडलेल्या हवेच्या दाबानेही हरेल इतकं काम काठावर आलंय, हे कळतं. मग कडेचं रबर बोटांनी चाचपत पूर्ण फेरी मार. एखाद्या कोपऱ्यात ते पट्टीतून निसटून दुमडलेलं असतं आणि त्या एका घडीमुळे डिकी काही मिलिमीटर वर राहते. त्यानंतर दोन्ही बाजूंचे गोल रबरी स्टॉपर बघ. बऱ्याच गाड्यांत ते पेचावर असतात, फिरवले की आत-बाहेर होतात. दोन्ही सारखेच, दोन-दोन फेरे आत घे आणि फेरे मोजून ठेव. तेवढ्याने डिकी लागली तर सापडलं. मग अर्धा-अर्धा फेरा परत बाहेर काढत जा, म्हणजे डिकी लागेलही आणि खड्ड्यात खडखडणारही नाही.

कडीचं सांगतो. जड सामान आत घेताना तिच्यावर एखादा कोपरा आदळला की ती केसभर सरकते, आणि तेवढं पुरतं. कडीला खडू फास, डिकी हलकेच टेकव, मग लॅचच्या तोंडात पांढरा डाग कुठे उमटलाय ते बघ. मधोमध असला तर हात लावू नकोस. एका बाजूला असला तर कडीच्या बुडाभोवती आधी मार्करने रेघ मारून घे, मगच बोल्ट सैल कर आणि एका वेळी एक मिलिमीटर सरकव. ती रेघ नसेल तर मूळ जागा पुन्हा सापडायची नाही.

माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. नवं लॅच बसूनही नवव्या दिवशी डिकी वर गेली, त्या रात्री सहज लक्ष गेलं की डिकी हलली की नंबर प्लेटचा दिवा लुकलुकतोय. तिथे धागा सापडला. छतापासून डिकीत जाणाऱ्या वायरी एका घडीच्या रबरी नळीतून जातात, आणि डिकी उघडली-मिटली की दर वेळी त्या तिथेच वाकतात. नळीचं एक टोक सोडवून मागे सारलं. वायरींचं आवरण वरून अगदी शाबूत होतं. म्हणून एकेक वायर दोन चिमटींत धरून हलकेच ओढत गेलो. सगळ्या ताठ लागल्या आणि एक तपकिरी वायर रबरबँडसारखी ताणली गेली. आतलं तांबं तुटलेलं, वरचं प्लास्टिक तेवढं धरून ठेवलेलं. डिकी खाली आली की तुटलेली टोकं एकमेकांना कधी भिडायची, कधी नाही. मोटर दर वेळी पूर्ण ओढत होती, दुसरा खटका होत होता, फक्त त्याची खबर पोचत नव्हती. लॅच बदलताना वायरी हलल्या, टोकं योगायोगाने जुळली, आणि म्हणूनच ते आठ दिवस.

तुझ्याकडेही असं निघालं तर पीळ देऊन टेप गुंडाळू नकोस, महिनाभरात पुन्हा तुटेल. वाकणारा सगळा भाग कापून तिथे मऊ, सिलिकॉन आवरणाची वायर घालायची आणि जोड वाकणाऱ्या जागेच्या बाहेर, एकाच रेषेत येणार नाहीत असे, सोल्डरचा डाग देऊन घ्यायचे. वर उष्णतेने आवळणारी नळी. हे काम तू स्वतः करू नकोस, वायरिंगचं चांगलं काम करणाऱ्याकडे जा आणि त्याला मी लिहिलेलं वाचून दाखव. त्याच्याकडे नुसतं इंजिन वाचणारा स्कॅनर असेल तर उपयोग नाही. बॉडीचं मॉड्यूल वाचणारा असेल, तर लॅचचे स्विच पडद्यावर उघड-बंद होताना दिसतात आणि पाच मिनिटांत निकाल लागतो. फ्यूजही त्यालाच बघू दे. लॅचच्या मोटरला वेगळा फ्यूज असू शकतो, म्हणून बाकीची डिकी चालते तेवढ्यावरून तो ठीक आहे असं समजायचं नाही.

ग्रीसबद्दल थोडंसं. लॅचमधलं जुनं ग्रीस धुळीने घट्ट झालं असेल तर कापडाने पुसून पांढरं लिथियम ग्रीस अगदी थोडं लाव, स्विचच्या बाजूला नाही. गंज सोडवायचा पातळ स्प्रे मारून सोडून देऊ नकोस, तो उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेतो. आणि काम झाल्यावर, विशेषतः बॅटरी सोडवली असेल तर, डिकीला तिची बंद जागा पुन्हा शिकवावी लागते. बहुतेक गाड्यांत हाताने पूर्ण लावून सुरुवात होते, पुढची बटणं गाडीगणिक वेगळी, ती गाडीच्या पुस्तकात बघ.

तोवर वहिनींना सांग, डिकी आपटायची नाही आणि चालू असताना हाताने पुढे ढकलायचीही नाही. शॉकरमधले दाते त्यानेच जातात. अगदी लावायचीच असेल तर पॉवर बंद करून, मधोमध दोन्ही तळवे ठेवून दाबायची आणि दुसरा खटका ऐकायचा.

बॅटरीचा सकाळचा आकडा आणि स्क्रू-ड्रायव्हरने किती खटके वाजले, एवढं मला कळव. दोन वाजले असतील तर लॅचची ऑर्डर आजच थांबव.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र