छोट्या संस्थांच्या डेटाचं काम परवडेल असं कोणी शिकवेल का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून, अमुक संस्थेला गाडी दिली, तमुक शाळेला कॉम्प्युटर दिले अशा बातम्या आपल्या पेपरात नेहमी येतात आणि वाचून बरं वाटतं. पण या संस्था आपल्या कामाच्या नोंदी कशा ठेवतात यावर कधी काही छापून येत नाही, म्हणून हे पत्र. मी नाशिकमधल्या एका छोट्या संस्थेचं ऑफिस सांभाळते, आमचं काम पेठ आणि सुरगाण्याच्या पाड्यांवर आहे, लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्या तब्येतीचं.

आमच्या कार्यकर्त्या दर महिन्याला पाड्यावर जाऊन मुलांची वजनं घेतात, दंडाचा घेर मोजतात. सहा महिन्यांच्या पुढचं आणि पाच वर्षांच्या आतलं मूल असेल आणि घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित, साडेअकरा ते साडेबाराच्या मधे असेल तर मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. ही मापं वहीत लिहायची, वहीच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर ऑफिसला पाठवायचा, मग ऑफिसमधे कोणीतरी बसून ते एक्सेलमधे टाकणार. आता एकच मुलगी या महिन्याच्या पानावर सोनाली असते, पुढच्या महिन्यात सोनल होते, वडलांचं नाव कधी असतं कधी नसतं, आणि जन्मतारीख घरच्यांना सांगता आली नाही की १ जून टाकून मोकळं व्हायचं, त्यामुळे यादीत जिकडे बघाल तिकडे १ जून. त्यात द्राक्षाचा सीझन सुरू झाला की कुटुंबच्या कुटुंब दिंडोरी-निफाडकडे कामाला उतरतं, तिकडे काम करणारी संस्था तेच मूल नवीन म्हणून लिहून घेते आणि आमच्या यादीत त्याच्यापुढे नुसतं गैरहजर. दोन्हीकडे वजन घेतलेलं असतं, दोन्हीकडे नोंद असते, तरी त्या काही महिन्यांत ते पोरगं घसरलं की सावरलं हे कोणीच सांगू शकत नाही. याला मी ऑफिसची अडचण म्हणत नाही, हे मुलाच्या जिवाशी आहे.

बाकीच्या संस्थांच्या मैत्रिणींशी बोलते तेव्हा सगळीकडे हेच. कॉम्प्युटरवर फाइल असते ‘रिपोर्ट फायनल’, तिच्याशेजारी ‘फायनल नवीन’, त्याखाली ‘फायनल मॅडमना पाठवलेली’, आणि तिन्हीत आकडे वेगळे. जुन्या याद्या श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधे टाइप केलेल्या, त्या दुसऱ्या मशीनवर उघडल्या की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो, सर्च करायचा तर प्रश्नच नाही. आणि ज्या मुलाने हे सगळं एक्सेल बसवलं त्याला अंबडला कंपनीत नोकरी लागली की कुठला फॉर्म्युला कुठे आहे हे सांगणारं कोणी उरत नाही. त्याचा काय दोष, संस्था देऊन देऊन किती मानधन देणार.

आम्ही एका सॉफ्टवेअर कंपनीकडून कोटेशन मागवलं होतं. वर्षाचा आकडा बघितला तर त्यात आमच्या एका फील्डवरच्या ताईचं वर्षभराचं मानधन निघालं असतं, विषय तिथेच संपला. खरं तर साधनं फुकटातही आहेत. कोबो टूलबॉक्समधे मराठी फॉर्म बनवता येतो, तो मोबाइलवर रेंज नसतानाही भरता येतो, खाली रेंजमधे आलं की अपलोड करायचा. गूगलचं ऑफिसचं पॅकेज नोंदणीकृत संस्थांना फुकट मिळतं. अवनी नावाचं ओपन सोर्स अॅप तर आपल्या देशातच फील्डवरच्या कार्यकर्त्यांसाठी बनवलंय. पण हे शिकवणार कोण? एमएस-सीआयटी सगळ्यांनी केलेलं आहे, त्यात एक्सेलची तोंडओळख होते, पण आठशे मुलांच्या यादीतून दुबार नावं कशी काढायची हे आपल्या स्वतःच्या यादीवर बसून केल्याशिवाय येत नाही. मोठ्या शहरात एक दिवसाची वर्कशॉप होतात, इंग्रजीत, जाण्या-येण्याचा खर्च आपला, आणि परत आल्यावर काही अडलं तर विचारायला कोणी नाही.

मला वाटतं ट्रेनिंग मराठीत पाहिजे आणि आपापल्या फाइलवर पाहिजे. प्रत्येक मुलाला एक नंबर द्यायचा आणि तो कधीच बदलायचा नाही, पाड्याचं नाव टाइप न करता यादीतून निवडायचं, तारीख सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहायची, एवढ्या गोष्टी जरी पक्क्या झाल्या तरी कितीतरी घोळ कमी होईल. आणि पुढचे सहा-आठ महिने फोनवर विचारायला एक माणूस पाहिजे, हे ट्रेनिंगपेक्षाही महत्त्वाचं.

कायद्याचं कामही वाढलंय. २०२१-२२ पासून ८०जी असलेल्या, म्हणजे ज्यांच्या देणगीदारांना करात सूट मिळते अशा, संस्थांच्या मागे देणगीदारांच्या माहितीचा फॉर्म १०बीडी लागला, मुदत ३१ मे, चुकली की दिवसाला २०० रुपये. एका देणगीदाराचा पॅन नंबर सापडत नाही म्हणून शेवटच्या आठवड्यात किती फोनाफोनी होते ते संस्थेत काम करणाऱ्यालाच माहीत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, आणि आमच्याकडे बायकांच्या आधारचे फोटो, तपासणीचे रिपोर्ट कार्यकर्तीच्या पर्सनल मोबाइलमधे पडून असतात, तो मोबाइल घरी पोरं खेळायला घेतात. त्या बाईने विश्वासाने दिलेला कागद आहे तो, कायदा नसता तरी तो नीट ठेवणं आपलं काम होतं.

म्हणून नाशिककरांपुढे एक गोष्ट मांडते. छोट्या संस्थांमधे टॅलीचं काम बघायला एक पार्ट टाइम अकाउंटंट चार संस्था मिळून वापरतात, तसाच डेटाचा माणूस पाच-सहा संस्थांनी मिळून का ठेवू नये? आठवड्यातला एकेक दिवस एकेका संस्थेत, पगार सगळ्यांनी वाटून. सातपूर-अंबडच्या कंपन्या सीएसआरमधून पहिली दोन वर्षं हा पगार उचलू शकतात. रिपोर्ट तर त्यांनाच पाहिजे असतो, रंगीत ग्राफसकट, पण प्रपोजलमधे नोंदी ठेवायचा खर्च दाखवला की तीच लाइन पहिली कापली जाते.

कॉलेजच्या मुलांना नवीन शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट मिळतात, त्यांनी जुन्या याद्या युनिकोडमधे, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येतील अशा, आणायचं, दुबार नावं काढायचं काम घ्यावं. मात्र नुसता डॅशबोर्ड बनवून जाऊ नये, तो नंतर चालवायला कोणी नसतं. आणि मुक्त विद्यापीठ तर आपल्या नाशिकमधेच आहे, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्यांचं ब्रीद, त्यांनी संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी कमी फीचा, शनिवार-रविवारचा छोटा कोर्स काढला तर पेठ-सुरगाण्याहूनही बायका येतील याची मला खात्री आहे.

आमच्या ऑफिसचा हॉल शनिवारी रिकामा असतो, वायफाय आहे, पंधरा-वीस जणं आरामात बसतात. शिकवायला कोणी तयार असेल तर आपल्या पेपरमार्फत कळवावं, चार-पाच संस्था तर मी स्वतः गोळा करून आणते.

आपली,
एक कार्यकर्ती, नाशिक