अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोवरून, नागपूरला इंदोऱ्याच्या घरी

प्रिय आई, बाबा आणि आजी,
सप्रेम जय भीम.

परवा व्हिडिओ कॉलवर आवाज तुटत होता, धड काही सांगताच आलं नाही, म्हणून लिहिते. बाबा, आजीला मोठ्यानं वाचून दाखवा.

रोज बसमधून दिसायचं ते काळ्या लोकांच्या हक्कांच्या लढ्याचं म्युझियम शेवटी शनिवारी बघितलं. जुनं वूलवर्थचं दुकान आहे ते. आत खाण्याचं लांबच लांब काउंटर आणि समोर फिरत्या खुर्च्यांची रांग, अजून तिथंच आहे. 1 फेब्रुवारी 1960 ला इथल्याच कॉलेजातले फर्स्ट इयरचे चार काळे पोट्टे तिथं आले, आधी दुसऱ्या काउंटरवर टूथपेस्ट वगैरे घेतली, पावती ठेवली आणि मग इथं येऊन बसले, कॉफी मागितली. काळ्यांना इथं मिळत नाही म्हटल्यावर त्यांचं म्हणणं एवढंच की तिकडे आमचे पैसे चालले, मग इकडे का नाही? दुकान बंद होईपर्यंत हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले, आठवडाभरात शेकडो. जुलैत दुकानाला नमावं लागलं, आणि आई, मला सगळ्यात काय लागलं माहितीये, तिथं पहिल्यांदा बसून जेवली ती दुकानातच काम करणारी काळी माणसं. जिनिव्हा टिसडेल म्हणून बाई होती, इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी खायचं करायची, त्या दिवशी स्वतःच्याच हातचं एग सॅलड सँडविच तिनं त्या खुर्चीवर बसून खाल्लं. मी बराच वेळ तिथून हललेच नाही.

तेव्हापासून वाचतच सुटलेय. गोऱ्यांसाठी बसमधली सीट सोडायला नाही म्हणणाऱ्या रोझा पार्क्सचं सगळ्यांना माहीत असतं, पण तिच्या नऊ महिने आधी, मार्च 1955 मध्ये, 15 वर्षांची काळी मुलगी क्लॉडेट कोल्विन पण अशीच सीटवरून उठली नव्हती, तिचं नाव मला माहीतच नव्हतं. आणि बाबासाहेबांनी 1946 मध्ये काळ्यांचे मोठे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, काळ्या लोकांनी युनोला दिलेल्या अर्जाच्या प्रती पाठवा म्हणून, त्याचं उत्तरही आलं होतं! बाबा, तुम्हाला माहीत असेल, तुम्ही दरवर्षी दीक्षाभूमीवरून पिशवीभर पुस्तकं आणायचे आणि मी मोबाईल बघत बसायची. आता त्यातली जमतील तेवढी पाठवा. इतिहासाचा एक कोर्स पण घेतलाय, फी तेवढीच आहे, टेन्शन नका घेऊ.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. इथं आले त्या पहिल्याच आठवड्यात आपल्याच देशातली एक मुलगी जेवताना आडनाव विचारत होती, मग गाव, मग एरिया, आणि इंदोरा म्हटलं की जात कळेल म्हणून मी ते टाळून नुसतं "नागपूर" म्हटलं. त्या रात्री झोप नाही आली. म्युझियमवरून आल्यावर मी तिला स्वतःहून सांगितलं, इंदोऱ्याची आहे, बौद्ध आहे. ती काही बोलली नाही. आता ती वेगळा स्वयंपाक करते. मला वाईट वाटलं, पण पुन्हा लपवणार नाही.

आणि मग जाईबाई चौधरींचं वाचलं. आपल्यातल्याच, नागपूरजवळच्या उमरेडच्या, लहानपणी हमाली केली, शिकल्या, मास्तरीण झाल्या तर वरच्या जातीच्या लोकांनी पोरं शाळेतून काढली, नोकरी गेली. त्यांनी 1922 ला नागपुरात स्वतः चोखामेळा कन्या शाळा काढली. आणि 1937 मध्ये नागपुरातच महिला परिषदेत त्यांना जेवायला वेगळं बसवलं. म्हणजे ग्रीन्सबरोच्या 23 वर्षं आधी, आपल्या गावात! आपल्या बायकांनी त्याच्या निषेधाची सभाही घेतली. शाळेत आम्हाला का नाही शिकवलं हे?

आजी, तुझी मोठी बहीण पाटी घेऊन चोखामेळा शाळेत जायची म्हणायची ना तू, मी तेव्हा कधी नीट ऐकलं नाही. तीच का गं ही जाईबाईंची शाळा? त्यांना बघितलेलं तिला आठवत होतं का? जेवढं आठवेल तेवढं सांग, बाबा लिहून घेतील. रविवारी इथल्या सकाळी फोन करते, तुमचं जेवण झालं की.

तुमची,
पिंकी