काका, त्या पक्कडीबद्दल आभार

ती. काका,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही पुण्याला सुखरूप पोचल्याचं ताईकडून कळलं. विमानतळावर घाईत नीट काही बोलता आलं नाही, आणि तुमच्यासमोर बोलायला गेले असते तर तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलला असता. म्हणून लिहितेय. तेही सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते इथल्या कुणालाही करता आलं असतं. कुणी केलं नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं सांगते. मी ओहायोत राहते आणि क्लबात लक्ष्यावर नेमबाजी करते. इथे बरेच नेमबाज आपली काडतुसं घरीच पुन्हा भरतात. गोळी सुटली, दारू जळली, तरी पितळी पुंगळी उरते. तीच काडतुसाचा सगळ्यात महाग भाग. जुना प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी) काढायचा, पुंगळी साच्यात दाबून मूळ मापात आणायची आणि पुन्हा भरायची. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवायला 1959 च्या शस्त्र कायद्याने बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडच्या नेमबाजांना हा प्रकार फारसा ठाऊक नसतो. इथे स्वतःच्या वापरापुरता तो अगदी सर्रास चालतो. पण पुंगळी नेमकी कोणत्या काडतुसाची आहे हे कळल्याशिवाय पुढे काहीच करायचं नसतं. दारू किती, गोळी कोणती, साचा कोणता, सगळं त्यावर ठरतं. इथे चूक झाली तर रायफल फुटते, आणि रायफलीला डोळा लावून बसलेलं माणूस तिच्यापासून चार बोटांवर असतं.

माझ्या रायफलीला .308 नावाच्या काडतुसाची पुंगळी लागते. सरमिसळ पुंगळ्यांची एक बादली मी विकत घेतली. विकणाऱ्याने "धुतलेल्या, निवडलेल्या" असं सांगितलं होतं. धुतलेल्या होत्या. निवडलेल्या अजिबात नव्हत्या. त्यातल्या काही घेऊन मी दुकानात गेले, तर काउंटरवरच्या माणसाने हातातही न घेता सांगितलं, की हे विचारावं लागत असेल तर हा छंद तुझ्यासाठी नाही. क्लबातल्या एका जुन्या मेंबराने दोन पुंगळ्यांची बुडं एकमेकांना टेकवली, "सारखीच आहेत, भरून टाक" म्हणाला आणि कॉफी घ्यायला गेला. मला राग आला तो त्याला उत्तर माहीत नसल्याचा नाही. माहीत नसताना त्याने ते दिलं, आणि दिल्यावर मागे वळूनही पाहिलं नाही, याचा आला. तो राग अजून गेलेला नाही.

मग मंडळाच्या गणपतीत ताईने ओळख करून दिली, "बाबा खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते, इन्स्पेक्शनला." तुमची सगळी नोकरी ए.एफ.के.त गेली हे ऐकून मी भीत भीत विषय काढला. तुम्ही एवढंच विचारलंत, "व्हर्निअर आहे का तुझ्याकडे?" व्हर्निअर म्हणजे बारीक मापं घ्यायची मोजपट्टी.

दुसऱ्या दिवशी खिशात भिंग घेऊन तुम्ही आमच्या गॅरेजमध्ये हजर! आल्या आल्या म्हणालात, "मला तुमची अमेरिकन नावं येत नाहीत. मी मापं सांगतो, तू पुस्तकात शोध." जन्म त्या कामात घालवलेल्या माणसाचं हे पहिलं वाक्य. ते ऐकलं आणि माझी भीतीच गेली.

त्या दुपारी मला कळलं की क्लबातला तो गृहस्थ बुडं टेकवून का फसला. .308, .243, .270, .30-06 आणि जर्मन 8 मिलिमीटर माउझर, सगळ्यांचं बूड साधारण 12 मिलिमीटरचंच. फरक आहे तो उंचीत, खांद्यात आणि मानेत. .30-06 ची पुंगळी 63 मिलिमीटरच्या वर जाते, माउझरची 57, माझ्या .308 ची 51. .270 ही .30-06 पेक्षा जेमतेम एक मिलिमीटर उंच, पण मान तिच्याहून अरुंद. .243 तर उंचीला माझ्या .308 पेक्षा पाऊण मिलिमीटरनेच जास्त, ती ओळखायची मानेवरून. तुम्ही प्रत्येक माप दोनदा घेत होतात आणि मलाही घ्यायला लावत होतात. आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. बुडावरचा शिक्का मात्र सगळ्यात शेवटी वाचायचा. "आधी शिक्का वाचलास की डोळा तेच बघतो," हे तुमचं वाक्य मी बाकावर चिकटवून ठेवलंय.

शिक्क्यांतही काय काय निघालं! एल.सी. म्हणजे मिसुरीतली लेक सिटी, 1941 पासूनची इथली सरकारी फॅक्टरी. तिच्या लष्करी पुंगळ्यांवर वर्तुळात अधिकचं चिन्ह होतं, ते नाटोचं, ते तुम्ही लांबूनच ओळखलंत. लष्करी प्रायमर भोवतीने दाबून बसवलेला असतो, ती दाबलेली कड काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही, हेही तेव्हाच समजलं. बुडाच्या थोडं वर चमकदार कडं दिसलं तर ती पुंगळी आतून पातळ झालेली, पुढच्या बाराला दोन तुकडे व्हायची शक्यता. तुम्ही तारेचं टोक वाकवून आत फिरवलंत आणि ती तार माझ्या हातात दिलीत. टोक एका जागी अडकलं. ते एकदा हाताला कळल्यावर आता विसरणं शक्य नाही.

आणि मग ती निघाली. कड बाहेर आलेली, लांबट, काळवंडलेली पुंगळी. व्हर्निअर लावलात, 56 च्या वर जरासं. थ्री नॉट थ्री. तरीही तुम्ही आपला नियम मोडला नाहीत. दुसरं माप घेतलंत, मगच भिंग लावलंत. के, बाण, एफ. बाजूला 42 आणि रोमन सात. तुम्ही भिंग माझ्याकडे सरकवून म्हणालात, "किरकी फॅक्टरी. आमची."

किरकी म्हणजे इंग्रजांच्या तोंडची खडकी. 1869 साली सुरू झालेली ती फॅक्टरी, महायुद्धातल्या 1942 सालची ती पुंगळी, आणि आपण दोघं ओहायोतल्या एका गॅरेजमध्ये. इथवर ती कशी आली याचा अंदाज तुम्ही बांधत बसला नाहीत. तिच्यात बॅटरीचा उजेड टाकून आतली दोन बारीक भोकं दाखवलीत. हा बर्डन प्रायमर. अमेरिकन पुंगळीत मध्यभागी एकच भोक, तो बॉक्सर. बर्डन होता अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज, पण इंग्रजांनी बर्डनची पद्धत घेतली आणि अमेरिकनांनी बॉक्सरची. माझ्या साच्यातली पिन मधल्या एका भोकासाठी केलेली, या पुंगळीत घातली असती तर मोडली असती. त्या काळी कॉर्डाइटच्या, म्हणजे तेव्हाच्या दारूच्या, काड्या आधी आत ठेवायच्या आणि मग पुंगळीची मान आवळायची, हे तुम्ही तुमच्या वरिष्ठांकडून ऐकलेलं सांगितलंत. .303 इंच हे नळीचं माप, गोळी त्याहून जाड, जवळजवळ 7.9 मिलिमीटर, हेही. 2008 च्या मुंबई हल्ल्याच्या वेळी आपल्या पोलिसांच्या हातात हीच थ्री नॉट थ्री होती, असं म्हणून तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात.

पण काका, हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ती गोष्ट त्यानंतरची.

बादलीत एक पुंगळी होती, बुडावर स्वच्छ 308. माझ्या डोळ्यांना ती माझ्याच रायफलीची वाटली. तुम्ही मोजलीत. खांदा खाली, मान अरुंद, उंची कुठल्याच तक्त्यात बसेना. कुणीतरी घरी साच्यात दाबून तिचं दुसरंच काहीतरी केलेलं होतं. मी पुस्तकाची पानं उलटत राहिले, तुम्ही पुन्हा मोजत राहिलात. शेवटी तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "हे काय आहे ते मला माहीत नाही. भरायचं नाही." मी ती भंगाराच्या डब्यात टाकायला हात पुढे केला, तर तुम्ही तो धरलात. भिंतीवरची पक्कड काढलीत, पुंगळीचं तोंड चेपलंत, मग खांदाही, ती सपाट होईपर्यंत. आणि मग स्वतः डब्यात टाकलीत. "टाकलेली वस्तू कुणीतरी उचलतंच गं. त्याला काय माहीत?"

मी तिथेच रडले असते. माझ्या बादलीत ती पुंगळी आली होती ती कुणीतरी अशीच न चेपता टाकली म्हणून. विकणाऱ्याने पाहिली नाही, त्याच्या आधीच्याने पाहिली नाही. तुमचा तर त्या डब्याशी संबंधच नव्हता. आठवड्याभरात तुम्ही परत जाणार होतात. तो डबा कोण उचलणार, पितळ कुठे जाणार, कोणाच्या हाती लागणार, यातलं काहीच तुम्हाला कधी कळणार नव्हतं. तरी सत्तरीतल्या, संधिवाताने आखडलेल्या बोटांनी तुम्ही पितळ चेपत बसलात.

चांगुलपणा म्हटला की लोकांना मोठं दान आठवतं, धावून जाणं आठवतं. मला आता ती पक्कड आठवते. ज्याचं नाव माहीत नाही, जो कधी आभार मानायला येणार नाही, अशा माणसाच्या बोटांची आणि डोळ्यांची काळजी करणं. तुमच्या खडकीत आणि वरणगावच्या काडतूस फॅक्टरीत अशी किती माणसं रोज गेजवर डोळा ठेवून बसली असतील! सीमेवरच्या एखाद्या पोराचं काडतूस ऐन वेळी दगा देऊ नये म्हणून त्यांनी किती माल बाजूला काढला असेल! त्या पोराला यांची नावं कधी कळली नाहीत. त्यांच्या वतीने आभार मानायचा अधिकार मला नाही, तरीही मानते.

आता थोडी खबरबात. निवडलेल्या .308 मधल्या पहिल्या पन्नास भरून झाल्या. मागच्या रविवारी रेंजवर नेल्या, सगळ्या व्यवस्थित उडाल्या आणि पुंगळ्या परत आणून तारेने तपासल्या. कडं कुठेही नाही. लक्ष्यावर गोळ्यांचा गट अजून मनासारखा जवळजवळ येत नाही, पण तो माझ्या खांद्याचा प्रश्न आहे, पितळाचा नाही. के.एफ.ची पुंगळी वेगळ्या डबीत चिठ्ठी लावून ठेवली आहे, म्हणजे ती चुकून साच्याखाली जाणार नाही. बादलीच्या तळाशी कड असलेल्या तीन आहेत, 53.7 मिलिमीटर उंच, कडेचा व्यास 14.4, शिक्का रशियन लिपीत. माझ्या मते 7.62×54, पण दुसरं माप मी घ्यायचं आणि तिसरं तुम्ही. शनिवारी व्हिडिओ कॉलवर व्हर्निअर कॅमेऱ्यासमोर धरते. भिंग जवळ ठेवा.

काकूंना नमस्कार. गुडघ्याचं औषध चुकवू नका.

तुमची,
गॅरेजवाली