सिंथ बेसूर का होतो, ते जरा ऐका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात एका वाचकानं लिहिलं होतं की आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रातले कीबोर्डवाले बेसूर वाजवतात, रियाझ करत नाहीत. बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण अ‍ॅनालॉग सिंथवाल्यांवर, म्हणजे विजेच्या दाबावरून सूर काढणारा कीबोर्ड वाजवणाऱ्यांवर, शिक्का मारण्याआधी सोलापूरची हवा बघा की राव.

डिजिटल कीबोर्डचा सूर घड्याळातल्यासारख्या क्रिस्टलवर चालतो, तो हलत नाही. अ‍ॅनालॉगचं तसं नाही. 1970 च्या मिनीमूगच्या घराण्यातल्या सिंथमधे सप्तकाला एक व्होल्ट असा हिशोब असतो आणि त्या व्होल्टचा सूर बनवणारा ट्रान्झिस्टर तापमानाला लय हळवा. नुसतं सर्किट असेल तर एका अंशाला साधारण 0.33 टक्के फरक, म्हणजे पारा 10 अंश उतरला की एका सप्तकामागं 40 सेंट (सेंट म्हणजे सुरातलं अंतर मोजायचं माप), आणि पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांत असतात 100, आता बोला. कंपन्या तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर त्याला चिकटवतात, त्यानं बरंच सावरतं, सगळं नाही.

मे महिन्यात 5 वाजता साउंडचेक, स्टेजचा पत्रा तापलेला, तेव्हा सगळं सुरात लावायचं आणि कार्यक्रम 10 ला, वारं सुटल्यावर. तोवर सप्तकच ताणलेलं असतं, नॉब फिरवून खालचा सा पेटीला जुळवला तरी वरचा सा चढलेला तो चढलेलाच, त्यात सूर काढणारे तीन ऑसिलेटर तीन तऱ्हेनं सरकले की नुसती घूं घूं. 1978 च्या प्रॉफेट-5 या सिंथमधे आपोआप ट्यून करायचं बटण होतं, माझ्याकडच्यात नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. साउंडचेक झाला की डिझेल वाचवायला जनरेटर बंद करतात आणि निवेदक माइकवर आल्यावर लाइन देतात. सिंथला आतून गरम होऊन ठरायला अर्धा तास तरी लागतो, तेवढ्यात आमची चार गाणी होऊन जातात. मंडळवाल्यांना विनंती, स्टेजची लाइन तासभर आधी द्या आणि मधे तोडू नका, सिंथला कितीशी वीज लागते, हॅलोजन बंद ठेवा पाहिजे तर. तबलजी गाण्याआधी हातोडी घेऊन बसला की सगळे गप्प बसतात, आम्ही नॉबला हात लावला की लगेच "चालू करा" म्हणून शिट्ट्या. सत्काराचे नारळ-शाली चालू असतात तेव्हा हेडफोन लावून दोन मिनिटं ट्यून करू द्या, एवढंच मागणं आहे.

आपला,
एक कीबोर्डवाला, सोलापूर