लढवय्याला मंत्रही येऊ द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीत मुलांनी काय खेळावं, यावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ला, म्हणजे पात्रं घेऊन आणि फासे टाकून साहसकथा रंगवायच्या खेळाला, मराठी वृत्तपत्रात एवढी जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद झाला. तरीही हे पत्र लिहिते आहे, ते त्यातल्या एका सल्ल्यामुळे. नवख्यांनी ‘फायटर’, म्हणजे लढवय्या, घ्यावा, त्यात डोकं चालवावं लागत नाही, आणि मंत्रबिंत्र हुशार मुलांवर सोडावेत, असं लेखात म्हटलं आहे. शिवाय मंत्र टाकणारा फायटर, म्हणजे ‘एल्ड्रिच नाइट’, याच्याबद्दलचा २०१४ सालचा नियम आजचा म्हणून दिला आहे.

मी पाचपाखाडीत दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते आणि रविवारी दुपारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांसाठी हा खेळ चालवते. मुलं मला ‘डीएम मॅडम’ म्हणतात; डीएम म्हणजे डन्जन मास्टर, खेळ चालवणारी. लेख आला त्या दुपारी एक मुलगा कात्रण घेऊनच आला आणि खेळ सुरू होण्याआधीच वाद पेटला. छापून आलंय म्हटल्यावर मुलं ते खरं मानतात, म्हणून नियम आधी नीट सांगते.

फायटरला पाचव्या लेव्हलपासून एका टर्नमध्ये, म्हणजे आपल्या पाळीत, दोन वार करता येतात, अकराव्यापासून तीन. एल्ड्रिच नाइटला सातव्या लेव्हलला ‘वॉर मॅजिक’ मिळतं. २०१४च्या नियमात आधी अख्खी अ‍ॅक्शन (टर्नमधली मुख्य कृती) खर्च करून कँट्रिप, म्हणजे कितीही वेळा टाकता येणारा छोटा मंत्र, टाकायचा आणि मग बोनस अ‍ॅक्शन (जोडीची छोटी कृती) वापरून एकच वार करायचा. २०२४च्या नियमात तसं नाही. आपले नेहमीचे वार करायचे आणि त्यातल्या एका वाराच्या जागी कँट्रिप टाकायचा. बोनस अ‍ॅक्शन शिल्लक राहते. अकराव्या लेव्हलला जुन्या नियमाने तीन वारांऐवजी एक वार आणि एक मंत्र एवढंच हाती लागायचं. आता दोन वार आणि एक मंत्र. फरक केवढा आहे, ते खेळणाऱ्याला लगेच कळेल.

आणि डोकं लागत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आमच्याकडच्या नववीतल्या एका मुलीची एक टर्न पाहायला हवी होती. समोर ट्रोल. हा राक्षस स्वतःच्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला १५ हिट पॉइंट, म्हणजे जीवशक्तीचे गुण, भरून काढतो. आगीने किंवा अ‍ॅसिडने भाजला तरच त्याच्या पुढच्या टर्नला जखमा भरत नाहीत. नुसत्या वारांनी त्याला संपवणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. मुलीकडे ‘फायर बोल्ट’ हा आगीचा कँट्रिप होता, पण ट्रोल अगदी अंगाशी उभा. शत्रू पाच फुटांच्या आत असला की लांबून टाकायच्या मंत्राला ‘डिसअ‍ॅडव्हान्टेज’ लागतो: वीस बाजूंचा फासा दोनदा टाकायचा आणि कमी आलेला आकडा धरायचा. तिने वही ओढली. ट्रोलचा आर्मर क्लास १५, म्हणजे फाशाचा आकडा आणि आपले अधिकचे गुण मिळून १५ झाले तरच घाव लागतो. मंत्राला तिचे अधिक ५, म्हणजे फाशावर १० किंवा जास्त हवे. वीसपैकी अकरा शक्यता, ५५ टक्के. दोनदा टाकायचा तर ०.५५ गुणिले ०.५५, जेमतेम ३० टक्के.

मग तिने आधी वॉरहॅमर मारला. २०२४च्या नियमांत या हातोड्याला ‘पुश’ आहे: वार लागला की ट्रोलएवढ्या आकाराच्या शत्रूलाही दहा फूट मागे ढकलता येतं. हातोड्याला तिचे अधिक ७, म्हणजे लागण्याची शक्यता ६५ टक्के. लागला. ट्रोल मागे गेला, पाच फुटांची अडचण उरली नाही आणि दुसऱ्या वाराच्या जागी फायर बोल्ट, पुन्हा पूर्ण ५५ टक्क्यांवर. दहा बाजूंचे दोन फासे, सरासरी ११ नुकसान; पण तिला आकड्यापेक्षा आग लागायला हवी होती, आणि ती लागली. जखमा भरायच्या थांबल्या. जुन्या नियमात मंत्र आधी आणि वार नंतर असल्यामुळे ही चाल जमलीच नसती. दहावीच्या गणित भाग १ मधलं ‘संभाव्यता’ हे प्रकरण मी वर्षानुवर्षं शिकवते आहे, पण दहावीतलंही कोणी ते न सांगता असं वापरताना मी क्वचितच पाहिलं आहे.

अजून एक गोष्ट. तिच्या डाव्या हातात ढाल नव्हती, आणि तेही ठरवूनच. फायर बोल्टसाठी हातवारे करायला एक हात मोकळा लागतो. ढाल घेतली तर आर्मर क्लास दोनने वाढतो, पण मंत्र अडतो. ‘वॉर कास्टर’ हे फीट, म्हणजे पात्राला मिळणारं खास कौशल्य, घेतलं तरच दोन्ही हात भरलेले असून चालतं. त्याऐवजी तिने पहिल्या पातळीचा ‘शील्ड’ मंत्र घेतला होता. शत्रूचा वार लागतोय असं दिसलं की रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या टर्नमध्ये करायची झटपट कृती) वापरून आर्मर क्लास पाचने वाढवायचा. तिच्या चिलखताचे १८, त्याचे झाले २३. ट्रोलचा वार लागण्याची शक्यता ५० टक्क्यांवरून २५वर आली. सातव्या लेव्हलला असे मंत्र दिवसाला जास्तीत जास्त सहा वेळाच टाकता येतात, म्हणून कुठल्या वाराला द्यायचा आणि कुठला सोसायचा, हे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. याला डोकं लागत नाही असं कसं म्हणायचं?

आपल्या मुलांना तर हा योद्धा परका नाहीच. महाभारत ऐकत वाढलेल्या पोराला मंत्राने अस्त्र सोडणारा अर्जुन माहीत असतो. ऐन वेळी मंत्र आठवेनासा झालेला कर्ण माहीत असतो. लढणारा वेगळा आणि मंत्र जाणणारा वेगळा, ही वाटणी त्याला उलट नवी वाटते. १९७४मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हाही एल्फ जातीच्या पात्राला दोन्ही मार्ग खुले होते.

खर्चाची काळजी करणाऱ्या पालकांसाठी: मूळ नियमांचा मोठा भाग २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली इंटरनेटवर मोफत आहे, आणि नव्या नियमांचाही २०२५पासून. श्रेय देऊन त्याचं मराठीत भाषांतर करायलाही मुभा आहे. त्यात फायटरचा ‘चॅम्पियन’ हा एकच प्रकार दिला आहे. एल्ड्रिच नाइटसाठी पुस्तक लागतं, पण एका टेबलाला एक प्रत पुरते. ठाण्यातल्या एखाद्या वाचनालयाने अशी एक प्रत घेतली तर किती मुलांची सोय होईल!

लेखकांना माझी कळकळीची विनंती आहे की, पुढच्या पुरवणीत २०१४ आणि २०२४चे नियम वेगवेगळे करून छापावेत आणि ‘नवख्यांनी मंत्रांपासून लांब राहावं’ हे वाक्य मागे घ्यावं. तिसऱ्या लेव्हलला एल्ड्रिच नाइट होता येतं आणि सुरुवातीला फक्त दोन कँट्रिप आणि पहिल्या पातळीचे तीन मंत्र शिकायचे असतात. सातवी-आठवीतल्या मुलांना ते एका दुपारी समजतं.

आपली नम्र,
गणिताची एक शिक्षिका
पाचपाखाडी, ठाणे (प.)