जुन्या उंच इमारतींतील स्प्रिंकलर सर्वसाधारण सभेच्या मर्जीवर नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२२ ऑगस्ट २०१८ रोजी परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये आग लागून चार जण दगावले. २२ जानेवारी २०२२ रोजी ताडदेवच्या वीस मजली सचिनम हाइट्समध्ये त्याच दिवशी सहा जणांचा मृत्यू झाला आणि पुढे हा आकडा वाढला. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी इमारतीत किमान सात रहिवाशांचा बळी गेला. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशीची घोषणा होते, काही आठवडे तपासणीची धावपळ दिसते आणि मग विषय मागे पडतो. ज्या जुन्या उंच निवासी इमारतींना बांधकाम परवानगी मिळाली तेव्हा स्प्रिंकलरची, म्हणजे आग लागताच छताजवळून आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रणेची, अट नव्हती, त्यांना ती आता लागू करायची की नाही, हा प्रश्न मात्र अजून धसास लागलेला नाही. ती अट मुदत घालून लागू करावी आणि तिचा निर्णय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेवर सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालक व भोगवटादारांवर आहे आणि यंत्रणा सुस्थितीत असल्याचा फॉर्म बी परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारी व जुलैमध्ये सादर करावा लागतो. मात्र जी यंत्रणा बसवलेली आहे ती चालू आहे, एवढेच या प्रमाणपत्रातून कळते. जी कधी बसवलीच नाही, तिच्याबद्दल ते काहीच सांगत नाही. जुन्या इमारतीत ‘यंत्रणा’ म्हणजे बहुधा एक रायझर (पाणी वर नेणारा उभा पाइप), मजल्यावरचा होज (पाणी मारण्याची लांब नळी) आणि भिंतीला अडकवलेली दोन-चार अग्निशामक सिलिंडरे. आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीवर असताना मी मजल्यामजल्यावरचे होज बॉक्स उघडून पाहिले, तेव्हा बहुतेकांतली पितळी नोझल चोरीला गेली होती, वर्षानुवर्षे घडी करून ठेवलेला होज घडीवरच चिरला होता आणि काही मजल्यांवर बॉक्सचे दार चपलांच्या रॅकमुळे पूर्ण उघडतही नव्हते. हे सगळे दुरुस्त केले तरी मध्यरात्री धुराने भरलेल्या लॉबीत तो जड होज ओढून चालवणार कोण? जुन्या इमारतींत ज्येष्ठ नागरिक मोठ्या संख्येने राहतात, अनेक घरांत तर नवरा-बायको दोघेच उरलेले आहेत. त्यांच्याकडून ही अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

स्प्रिंकलर चालवायला माणूस लागत नाही, हेच त्याचे खरे मोल आहे. छताजवळच्या प्रत्येक हेडमध्ये, म्हणजे पाणी फवारणाऱ्या तोटीत, द्रवाने भरलेली बोटाच्या पेराहून लहान काचेची नळी असते. निवासी इमारतींत सहसा वापरल्या जाणाऱ्या हेडमधला द्रव लाल रंगाचा असतो आणि सुमारे ६८ अंश सेल्सिअसला ती नळी फुटून पाणी सुरू होते. धुराने किंवा उदबत्तीने ती फुटत नाही आणि जिथे उष्णता पोहोचली तेवढेच हेड उघडते. बाकीच्या घरांत थेंबही पडत नाही. ‘एकाच्या घरात काही झाले की सगळ्यांचे फर्निचर भिजेल’ ही भीती सभांमध्ये हमखास ऐकू येते, म्हणून हे मुद्दाम लिहितो. अग्निशमन दलाची गाडी अरुंद गल्लीतून, दुतर्फा लावलेल्या मोटारींमधून वाट काढत पोहोचेपर्यंतच्या मिनिटांत आग एका खोलीपुरती रोखून धरणारे दुसरे भरवशाचे साधन नाही.

अशी सक्ती मागील तारखेच्या इमारतींवर करणे अन्यायाचे आहे, असा एक आक्षेप असतो. अमेरिकेच्या हवाई राज्यातील होनोलुलू शहरातही तोच घेतला जात होता. १९७१ साली बांधलेल्या तिथल्या छत्तीस मजली मार्को पोलो इमारतीत स्प्रिंकलर नव्हते, कारण बांधकामाच्या वेळी तसा नियमच नव्हता. जुलै २०१७ मधील आगीत तिथे चार जणांचा मृत्यू झाला आणि पुढच्याच वर्षी शहराने जुन्या उंच निवासी इमारतींसाठी अध्यादेश काढून सुरक्षा मूल्यमापन बंधनकारक केले. त्यात उत्तीर्ण व्हा किंवा स्प्रिंकलर बसवा, असा तो मार्ग होता. आपल्याकडेही मागून लागू झालेली सक्ती नवी नाही. ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब अन्वये करावेच लागते आणि त्यासाठी कोणी सभेत हात वर करायला सांगत नाही.

सर्वात मोठा अडसर मात्र पुनर्विकासाच्या आशेचा आहे. ‘इमारत पाडायचीच आहे, मग पाइपवर खर्च कशाला?’ या एका वाक्यावर ठराव बारगळतात. प्रत्यक्षात विकासक निवडणे, संमतीपत्रे, न्यायालयीन दावे यांत दहा-दहा वर्षे निघून जातात आणि तेवढा काळ त्याच जुन्या वायरिंगवर एसी, गीझर आणि आता पार्किंगमधल्या इलेक्ट्रिक स्कूटरचे चार्जिंग यांचा भार वाढतच असतो. ज्यांच्या पुनर्विकासाला प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) मिळाले आहे त्यांना सूट द्यावी; केवळ बोलणी चालू असणे हे सवलतीचे कारण होऊ शकत नाही.

कामाचे टप्पेही पाडता येतील. गोरेगावची आग पार्किंगमध्ये ठेवलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांनी व वाहनांनी भडकली आणि धूर वर चढला, हे लक्षात घेऊन पहिल्या टप्प्यात पार्किंग, मीटर रूम व लॉबी यांत स्प्रिंकलर बसवावेत. हे काम कोणाच्याही घरात न शिरता होते. घराघरांतले काम दुसऱ्या टप्प्यात घ्यावे, कारण त्यासाठी कोअर कटिंग (पाइपसाठी काँक्रीटला भोके पाडणे), गच्चीवरच्या वाढीव टाकीचा भार आणि पंपाची क्षमता यांबाबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आवश्यक आहे. ज्या इमारतींना वाढीव टाकी पेलणार नाही, त्यांच्यासाठी जमिनीखालची टाकी आणि पंप हा पर्याय तपासावा.

खर्चाची अडचण खरी आहे आणि पेन्शनवर राहणाऱ्या सभासदाला एकरकमी वर्गणी झेपणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु उपविधींनुसार प्रत्येक सोसायटी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरवर्षी सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्त्यांसाठीच्या राखीव निधीत) जमा करते. तो या कामासाठी वापरण्यास सहकार खात्याने निःसंदिग्ध परवानगी द्यावी, सहकारी बँकांनी दीर्घ मुदतीचे कर्ज द्यावे आणि काम पूर्ण करणाऱ्या इमारतींना महापालिकेने काही वर्षे मालमत्ता करात सवलत द्यावी.

नियम होईपर्यंत शासनाला एक गोष्ट लगेच करता येईल. प्रत्येक सोसायटीने चालू फॉर्म बी तळमजल्याच्या सूचना फलकावर लावावा आणि इमारतीत स्प्रिंकलर आहेत की नाहीत, हे त्यासोबत स्पष्ट लिहावे, असे परिपत्रक काढावे. घर विकत किंवा भाड्याने घेणाऱ्यालाही मग ते पैसे देण्यापूर्वी वाचता येईल.

आपला विश्वासू,
एका गृहनिर्माण संस्थेचा माजी सचिव, मुंबई